सनद संपली की संपवली? मनिलाची वाहिनी, मार्कोस यांची उमेदवारी आणि बुडालेल्या नोकऱ्या

रत्नागिरीकडच्या एका सेकंड इंजिनिअरने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्या मालवाहू जहाजावर निम्म्याहून अधिक खलाशी फिलिपिनो आहेत आणि जेवणाच्या मेसमध्ये २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरून निघालेला वाद अजून शमलेला नाही. इलोकोस नोर्ते प्रांतातला बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, हा त्या निवडणुकीतले उमेदवार फर्डिनांड मार्कोस धाकटे यांचा कट्टर समर्थक आहे. नागा शहरातला चीफ कुक मात्र म्हणतो की, या मार्कोस यांनी आमची एबीएस-सीबीएन वाहिनी बंद पाडली, अकरा हजार लोकांच्या पोटावर पाय दिला आणि वृत्तस्वातंत्र्याचा गळा घोटला. त्यावर बोसनचे उत्तर ठरलेले आहे: वाहिनीची मुदत संपली होती, कायद्याने काम झाले, यात गळा कुठे आला? कुकचा भाचा त्याच वाहिनीच्या प्रादेशिक केंद्रात कॅमेरामन होता आणि त्याची नोकरी गेली. या दोघांत खरे कोणाचे, आणि भाच्याला काही दाद मागता आली असती का, असे त्यांनी विचारले आहे.

प्रसारणाचे परवाने आणि माध्यमांतील नोकऱ्यांचे तंटे हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे, त्यामुळे या प्रकरणाकडे मी आरंभापासून लक्ष ठेवून होतो. माझे मत आधीच सांगतो. बोसन जे तथ्य सांगतो ते खरे आहे, पण त्यावरून तो काढतो तो निष्कर्ष चुकीचा आहे. कुकचा निष्कर्ष बराचसा बरोबर आहे, पण त्याने आरोप ज्याच्या माथी मारला आहे तो माणूस चुकला आहे. वाद मिटत नाही याचे कारण बहुधा हेच असावे.

आधी माणसाची चूक दुरुस्त करू. एबीएस-सीबीएन ही वाहिनी दोनदा बंद झाली आणि दोन्ही वेळा ती धाकट्या मार्कोस यांनी बंद केली नाही. पहिल्यांदा ती बंद झाली सप्टेंबर १९७२ मध्ये, त्यांचे वडील फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा जारी केला तेव्हा. त्या वेळी मुलगा जेमतेम १५ वर्षांचा होता. दुसऱ्यांदा बंद झाली २०२० मध्ये, रोद्रिगो दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष असताना. तेव्हा धाकट्या मार्कोस यांच्याकडे कोणतेही निवडून आलेले पद नव्हते. कुकने हे मान्य केल्याखेरीज बोसन त्याचे पुढचे काहीही ऐकून घेणार नाही, आणि त्याने ऐकून का घ्यावे? याचा अर्थ धाकटे मार्कोस यांना काहीच विचारता येत नाही असा मात्र नाही. १९८३ ते १९८६ या काळात, म्हणजे लष्करी कायदा कागदोपत्री उठल्यानंतरही वडिलांची एकहाती सत्ता चालू असताना, ते इलोकोस नोर्तेचे गव्हर्नर होते. त्या राजवटीच्या काळाला प्रचारात सुवर्णकाळ म्हणून रंगवले गेले. पुढे त्या देशाच्या सरकारनेच २०१३ च्या भरपाई कायद्याखाली त्या राजवटीतील ११,१०३ पीडितांना अधिकृत मान्यता दिली आहे. या आकड्याबद्दल उमेदवाराला जाब विचारणे पूर्ण रास्त होते. वाहिनीच्या दुसऱ्या टाळेबंदीचा जाब मात्र दुतेर्ते आणि त्यांच्या काळातील काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, यांनाच द्यावा लागतो.

आता वाहिनीविषयी. तिची मुळे १९४६ पर्यंत जातात आणि १९५३ मध्ये तिने फिलिपिन्समधले पहिले दूरचित्रवाणी प्रसारण केले. लोपेझ हे तिचे मालक घराणे साखर, वीज आणि राजकारण या तिन्हींत मुरलेले होते. थोरल्या मार्कोस यांचे आधी मित्र, मग वैरी. १९७२ मध्ये स्टुडिओ ताब्यात गेले, मालकाचा मुलगा एउहेनियो लोपेझ धाकटे तुरुंगात गेला आणि १९७७ मध्ये तिथून निसटून देशाबाहेर पोचला. वाहिनीची यंत्रसामग्री राष्ट्राध्यक्षांच्या एका निकटवर्तीयाच्या हाती गेली. १९८६ च्या फेब्रुवारीत लोकांनी राजवट उलथवली आणि त्याच वर्षी वाहिनी पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर १९७२ मध्ये मनिलात सकाळी रेडिओ लावल्यावर जी शांतता ऐकू आली, तिच्यासारखे काही आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी जून १९७५ मध्ये वर्तमानपत्रांच्या कोऱ्या जागांत पाहिले आहे. त्यामुळे मराठी वाचकाला ते वेगळे समजावून सांगावे लागू नये.

मुख्य प्रश्न २०२० चा आहे आणि तो समजण्यासाठी तिथला परवाना काय असतो हे कळले पाहिजे. फिलिपिन्समध्ये केवळ सरकारी खात्याच्या परवानगीवर प्रसारण करता येत नाही. १९३१ च्या रेडिओ नियंत्रण कायद्यापासून तिथे अशी पद्धत आहे की, प्रसारण करू इच्छिणाऱ्याला काँग्रेसने स्वतंत्र कायदा करून सनद द्यावी लागते. ती सनद हाती आल्यानंतरच दूरसंचार आयोग वारंवारिता देतो. एबीएस-सीबीएनची सनद मार्च १९९५ च्या कायद्याने २५ वर्षांसाठी मिळालेली होती आणि ती ४ मे २०२० रोजी संपली. दुसऱ्या दिवशी, ५ मे रोजी, दूरसंचार आयोगाने प्रसारण थांबवण्याचा आदेश काढला आणि त्याच संध्याकाळी पडदा काळा झाला. बोसन म्हणतो ते हेच, आणि एवढ्यापुरते ते अक्षरशः खरे आहे.

पण मुदत आपोआप संपते; नूतनीकरण आपोआप अडत नाही, ते कोणीतरी अडवावे लागते. परवान्याच्या प्रत्येक प्रकरणात मी पहिला कागद मागतो तो तारखांचा. कोणता अर्ज कधी दिला, तो कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहिला आणि त्या काळात सत्तेतली माणसे जाहीरपणे काय बोलत होती, हे एका पानावर ओळीने लिहिले की बहुतेक वेळा हेतू उघडा पडतो. या प्रकरणात ते पान असे दिसते.

२०१६ च्या निवडणुकीत उमेदवार दुतेर्ते यांच्या प्रचाराच्या काही स्थानिक जाहिराती, सुमारे ७० लाख पेसोंच्या, वाहिनीने पैसे घेऊनही दाखवल्या नाहीत. त्याच काळात त्यांच्या विरोधकाने दिलेली, लहान मुलांचा वापर करून त्यांच्यावर टीका करणारी जाहिरात मात्र दाखवली गेली. दुतेर्ते यांचा राग इथून सुरू होतो आणि या एका मुद्द्यावर तो अनाठायी नव्हता. ज्याचे पैसे घेतले त्याचे काम करायला हवे होते, किंवा पैसे वेळेवर परत द्यायला हवे होते. निवडून आल्यावर ते वर्षानुवर्षे भाषणांतून सांगत राहिले की, ही सनद मी वाढू देणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये तर त्यांनी मालकांना वाहिनी विकून टाकण्याचा सल्लाच जाहीरपणे दिला. नूतनीकरणाची विधेयके मात्र काँग्रेसमध्ये पडून होती. फेब्रुवारी २०२० मध्ये सॉलिसिटर जनरल होसे कालिदा यांनी, मुदत संपायला तीन महिनेही उरलेले नसताना, सनदच रद्द करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला.

त्याच महिन्याच्या २४ तारखेला सिनेटमध्ये सुनावणी झाली. जाहिरातींच्या प्रकरणाबद्दल वाहिनीचे प्रमुख कार्लो कातिगबाक यांनी राष्ट्राध्यक्षांची तिथे जाहीर माफी मागितली. त्याच सुनावणीत कर खात्याने सांगितले की वाहिनी कर नियमित भरते, आणि रोखे नियामकानेही उल्लंघन आढळल्याचे सांगितले नाही. ज्या खात्यांनी दोष दाखवायचा ती खातीच दोष नाही म्हणत होती. पुढे दूरसंचार आयोगानेही काँग्रेसपुढे असे सांगितले होते की, नूतनीकरण प्रलंबित असताना तात्पुरती परवानगी देऊ. इतर कंपन्यांच्या बाबतीत पूर्वी तशी प्रथा होती आणि न्यायमंत्र्यांनीही त्यास अनुकूल मत दिले होते. मग सॉलिसिटर जनरलनी आयोगाला अशी परवानगी देऊ नये म्हणून बजावले आणि आयोगाने आपला शब्द फिरवला. नाक दाबले की तोंड उघडते म्हणतात. इथे नियामकाचे नाक दाबल्यावर त्याचे तोंड बंद झाले.

याच दुतेर्ते यांच्या कारकिर्दीत स्पर्धक जीएमए वाहिनीची सनद २०१७ मध्ये मुदतीआधी विनासायास वाढवून मिळाली होती. कायदा तोच, राष्ट्राध्यक्ष तेच, वागणूक मात्र दोन. समान स्थितीतल्या दोघांना दोन नियम लावले की पहिला संशय हेतूवर जातो, हे कोणताही वकील सांगेल.

१० जुलै २०२० रोजी प्रतिनिधिगृहाच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नूतनीकरण फेटाळले. बोसनने समितीचा अहवाल जरूर वाचावा. त्यात मालकाचे दुहेरी नागरिकत्व, परदेशी गुंतवणूकदारांना विकलेल्या डिपॉझिटरी पावत्या (शेअरवर आधारलेले रोखे), कराचे नियोजन, कंत्राटी कामगारांची वागणूक हे आक्षेप आहेत आणि त्यातले काही चर्चेला योग्य आहेत. फिलिपिन्सच्या राज्यघटनेनुसार माध्यमांची मालकी शंभर टक्के फिलिपिनो नागरिकांचीच असावी लागते, तेव्हा नागरिकत्वाचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. परंतु त्याच अहवालात बातम्यांतील कथित पक्षपात आणि राजकारणात ढवळाढवळ हेही मुद्दे विचारात घेतलेले आहेत, आणि मग हा वृत्तस्वातंत्र्याचा प्रश्नच नाही असेही तोच अहवाल म्हणतो. या दोन गोष्टी एका कागदावर नांदू शकत नाहीत. बातम्या आवडल्या नाहीत हे परवाना नाकारण्याच्या कारणांत मोजले गेले की प्रश्न वृत्तस्वातंत्र्याचाच होतो. हे मी वाहिनीच्या प्रेमापोटी म्हणत नाही. ती वाहिनी उद्या दुतेर्ते यांचे पोवाडे गाणारी असती आणि दुसऱ्या सरकारने तिला असे वागवले असते, तरी मी हेच लिहिले असते.

आपल्याकडचा एक निकाल इथे उपयोगी पडतो. मीडियावन या मल्याळम वाहिनीला केंद्र सरकारने २०२२ च्या जानेवारीत सुरक्षेचे कारण देऊन नूतनीकरण नाकारले. केरळ उच्च न्यायालयाने ते उचलून धरले, पण ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. कारणे बंद लिफाफ्यात देऊन वाहिनीला बचावाची संधीच नाकारणे न्यायाला धरून नाही, आणि सरकारवरची टीका म्हणजे सत्ताविरोधी कारवाया नव्हेत, असे त्या निकालाचे सार आहे. आपल्याकडे परवाना मंत्रालय देते, तिथे काँग्रेस देते. त्यामुळे आपल्याकडे न्यायालयाला मंत्रालयाचा निर्णय तपासता आला. तिथे काँग्रेसने कायदा करायचेच नाकारल्यावर न्यायालयाच्या हाती फारसे उरले नाही. वाहिनीचा स्थगितीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये, आता त्याला अर्थ उरला नाही असे म्हणून निकाली काढला. सनद देण्याचा अधिकार राजकारणी सभागृहाकडे ठेवण्याची पद्धतच मुळात धोक्याची आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता नोकऱ्यांविषयी. इथे मला कुकला सावध करायचे आहे. नोकऱ्या गेल्या म्हणून वृत्तस्वातंत्र्य बुडाले, असे सिद्ध होत नाही. कारखाना प्रदूषण करत असेल आणि तो बंद झाला, तर तिथेही नोकऱ्या जातातच. नोकऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे: ज्यांच्याविरुद्ध आक्षेप होते त्या मालकांना दंड करता येत होता, नागरिकत्वाची अट घालून कमी मुदतीची सनद देता येत होती, कामगारांना कायम करण्याचा आदेश देता येत होता. हे सगळे सोडून, देश कोविडच्या टाळेबंदीत असताना, कंपनीच्या म्हणण्यानुसार सुमारे ११,००० माणसांचे काम ज्यावर अवलंबून होते तो पडदाच पाडला गेला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते याला. मालकांकडे इतर उद्योग होते. ३१ ऑगस्ट २०२० पासून कामावरून कमी झाले ते संकलक, चालक, रंगभूषाकार, तारा ओढणारी मुले.

भाचा ज्या प्रादेशिक केंद्रात होता त्याची कथा मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण वृत्तस्वातंत्र्य ही संपादकांच्या परिसंवादातली वस्तू नाही हे तिथे दिसते. वाहिनीची प्रांतोप्रांतीची बातमीपत्रे होती, प्रत्येक आपापल्या बोलीत. बिकोल विभागाचे बिकोलच्या भाषेत. २८ ऑगस्ट २०२० ला ती सर्व बंद झाली. १ नोव्हेंबरला, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांनी, त्या वर्षीचे जगातले सर्वांत प्रबळ गणले गेलेले वादळ, स्थानिक नाव रोली, बिकोलमधल्याच कातान्दुआनेस बेटावर धडकले. मायोन ज्वालामुखीच्या उतारावरून राख आणि दगडांचा चिखल गिनोबातान गावातल्या घरांवर आला. दहा-बारा दिवसांत उलिसेस वादळाने उत्तरेकडचे कागायान खोरे पाण्याखाली घातले आणि तिथली माणसे छपरावरून समाजमाध्यमांवर मदत मागत राहिली, कारण त्यांच्याकडे काय चालले आहे हे राजधानीला वेळेवर कळलेच नाही. वादळे वाहिनीमुळे थांबली नसती. पण कोकणातल्या माणसाला, ज्याने निसर्ग आणि तौक्ते ही वादळे पाहिली आहेत, त्याला आपल्या तालुक्याचे नाव घेऊन बोलणारा आवाज वादळाच्या रात्री काय असतो हे सांगायला नको.

वारंवारितांचे पुढे काय झाले, हेही बोसनला विचारावे. २०२२ च्या जानेवारीत, निवडणुकीला चार महिने असताना, रिकाम्या झालेल्यांपैकी मुख्य वारंवारिता माजी सिनेटर आणि बडे बांधकाम उद्योजक मान्युएल व्हिलार यांच्या कंपनीला दिल्या गेल्या. दूरसंचार आयोगाने हे नियमांत बसवलेच असेल. प्रश्न इतकाच की, अकरा हजार माणसांचा व्यवसाय ज्या जागेवर उभा होता ती जागा प्रचाराच्या ऐन हंगामात दुसऱ्याच्या नावे झाली.

या पार्श्वभूमीवर ९ मे २०२२ ला मतदान झाले. धाकट्या मार्कोस यांना ३ कोटी १६ लाखांहून अधिक मते मिळाली, प्रतिस्पर्धी लेनी रोब्रेदो यांच्या दुप्पट. त्या नागाच्याच, त्यामुळे कुकची बाजू कोणती हे सांगायला नको. हे मताधिक्य खरे आहे आणि त्याला वाहिनीच्या बंदीचे फळ म्हणणे मी टाळेन. एवढ्या मोठ्या कौलामागे महागाई, घराण्यांची प्रादेशिक ताकद, दुतेर्ते यांच्या कन्या सारा यांच्याशी केलेली युती, १९८६ नंतरच्या सरकारांकडून झालेला अपेक्षाभंग असे बरेच काही होते. उमेदवार म्हणून त्यांच्यावर बोट ठेवायचेच तर ते अन्यत्र ठेवावे: बहुतेक वादसभांना ते गेले नाहीत, आणि जीएमए वाहिनीवरील एक महत्त्वाची मुलाखत त्यांच्या गोटाने मुलाखतकार पक्षपाती असल्याचे सांगून टाळली. ज्या देशात २००९ मध्ये मागिन्दानाओ प्रांतात एकाच दिवशी मारल्या गेलेल्या ५८ जणांपैकी ३२ जण बातमीसाठी गेलेले माध्यमकर्मी होते, तिथे उमेदवाराने प्रश्नांना सामोरे जाणे ही किरकोळ बाब नाही.

शेवटी भाचा. फिलिपिन्सच्या कामगार कायद्यानुसार तोटा टाळण्यासाठी किंवा व्यवसाय बंद करताना कायम कामगाराला कमी केले, तर एक महिना आधी त्याला आणि कामगार खात्याला लेखी सूचना द्यावी लागते, आणि नुकसानभरपाई म्हणून एक महिन्याचे वेतन किंवा प्रत्येक वर्षाच्या सेवेसाठी अर्ध्या महिन्याचे वेतन, यांपैकी जे अधिक ते द्यावे लागते. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात जो प्रतिवर्ष १५ दिवसांचा हिशेब होता, त्याच्याशी हे मिळतेजुळते आहे. अडचण ‘कायम’ या एका शब्दात आहे. कॅमेरामनला पुष्कळदा प्रतिभावंत कलाकारासारख्या कंत्राटावर ठेवतात, म्हणजे तो नोकर नसून सेवा पुरवणारा ठरतो आणि काम सुटले की हाती काही राहत नाही. या बाबतीत वाहिनीचे हात स्वच्छ नव्हते आणि कुकने हे लपवू नये: सेबू केंद्रातील चार निर्मिती साहाय्यकांच्या प्रकरणात २००६ मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला, ही माणसे कायम कर्मचारीच आहेत, असे सुनावले होते.

मी स्वतः एका जिल्हा पातळीवरच्या केबल वृत्तवाहिनीच्या ध्वनिमुद्रकाचे प्रकरण चालवले आहे. परवान्याचे नूतनीकरण अडले, वाहिनी बंद झाली आणि त्याला सांगण्यात आले की तू आमचा कधी नव्हतासच. तो माझ्याकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात अकरा-अकरा महिन्यांची नऊ कंत्राटे होती, दोन कंत्राटांमध्ये प्रत्येक वेळी काही दिवसांची फट, आणि त्या फटीतल्याच तारखांच्या, त्याच्या नावाच्या बारा ड्युटी चिठ्ठ्या, ज्यांवर निर्मात्याची सही होती. खटला त्या बारा चिठ्ठ्यांनी जिंकला, माझ्या युक्तिवादाने नव्हे. फिलिपिन्समध्ये बेकायदा कामावरून काढल्याचा दावा चार वर्षांत आणि वेतनाच्या थकबाकीचा तीन वर्षांत करावा लागतो, म्हणजे २०२० च्या ऑगस्टमध्ये नोकरी गेलेल्या माणसाचा काळ उलटून गेला आहे. त्याने त्या मुदतीत तक्रार नोंदवली असेल, तर तिचा क्रमांक शोधून तिथल्या राष्ट्रीय कामगार संबंध आयोगाच्या प्रादेशिक कार्यालयात चौकशी करता येईल. नोंदवली नसेल, तर कुकने त्याला एवढेच विचारावे की तो आता कुठे काम करतो; आणि तिथल्या ड्युटी चिठ्ठ्या तो जपून ठेवतो का.